टेपवरचा डॉक्टरांचा नंबर

हेडफोनमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला. "डॉक्टर," एवढाच एक शब्द. पण मी म्हणतो तसा नव्हे. जाड, ओढल्यासारखा, गुंगीत बोलावं तसा. मग सहा टोन वाजले. तेही उतरलेले. मागे कुणीतरी श्वास घेत होतं. श्वास कसला, शिट्टीच ती. आणि एक म्हातारा माणूस सारखं म्हणत होता, "सुमन, थांब हं जरा. लागतोय. आता लागतोय."

माझ्या पाठीवरून घाम ओघळला. तो मे महिन्याच्या उकाड्याचा नव्हता.

मी तेव्हा झाशीत एका टेलिफोन एक्सचेंजमध्ये ज्युनिअर इंजिनिअर होतो. ज्या टेबलाशी बसलो होतो त्याला टेस्ट डेस्क म्हणतात. शहरातली कुठलीही लाइन तिथून जोडून घेऊन तपासता येते, तिच्यावर ऐकता येतं, बोलता येतं. कुणाचा रिसीव्हर बराच वेळ उचललेला राहिला तर तो नंबर एका यादीत छापून येतो. बहुतेक वेळा रिसीव्हर नीट ठेवलेला नसतो, एवढंच. त्या दुपारी अडीचच्या सुमाराला यादीत सात नंबर होते. सहावा देवधर मास्तरांचा होता. तो पाहून मी हेडफोन चढवला.

यातलं सगळं कळायला थोडं मागं जावं लागेल.

देवधर मास्तर मला शाळेत गणित शिकवायचे. वर्गात ते मला 'तुम' म्हणत आणि घरी गेलो की "ये रे विनू" म्हणत. झाशीतल्या आम्हा मराठी घरांचं असंच आहे. बाहेर हिंदी, उंबरठ्याच्या आत मराठी. मास्तर दतिया गेटजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहात. मुलगा नागपूरला. काचबिंदूनं मास्तरांची दृष्टी गेली होती आणि हात कापायला लागले होते. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंना जुना दमा. घरात एक नेब्युलायझर होता. वाफेतून औषध देणारं विजेवरचं छोटं यंत्र. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहात. फोन केला की पाच मिनिटांत येत.

अडचण फोन करण्याची होती. मास्तरांना बटणं चाचपून सापडत, पण बोट थरथरून एकच बटण दोनदा दाबलं जाई. दहातले आठ फोन भलतीकडे लागत. म्हणून त्यांनी फोन बिघडल्याची तक्रार नोंदवली आणि मी स्वतः गेलो. फोन चांगला होता.

काकू म्हणाल्या, "का रे विनायक, तुमच्याकडे असं काही नसतं का, की नुसता उचलला की डॉक्टरांना लागेल?"

असं होतं. त्याला हॉटलाइन म्हणतात. रिसीव्हर उचलून काही क्षण काहीच दाबलं नाही, तर एक्सचेंज आपणहून ठरलेला नंबर लावतं. एक अर्ज, साहेबांची सही, की झालं.

मी म्हणालो, "असतं, पण त्यात एकच नंबर बसतो, काकू. शिवाय अर्ज, सही, बरेच दिवस जातात. मी तुम्हाला त्याहून छान काहीतरी करून देतो."

हे वाक्य मी एका माणसाखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यातलं 'बरेच दिवस जातात' हे मला ठाऊक नव्हतं. मी ते बनवून सांगितलं. कारण 'त्याहून छान काहीतरी' माझ्या डोक्यात आधीच तयार होतं.

ऑफिसात नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. 'इस मार्ग की सभी लाइनें व्यस्त हैं' वगैरे घोषणा त्यावर रेकॉर्ड करायच्या म्हणून त्यात साउंड कार्ड बसवलं होतं आणि आवाज कापायचं, जोडायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या मेनूमध्ये एक ओळ मला सापडली: डायल टोन तयार करा. चौकटीत नंबर टाइप करायचा, प्रत्येक टोन किती लांब आणि मध्ये किती थांबायचं ते सांगायचं, बटण दाबायचं. पडद्यावर सहा ठिपक्यांसारखी नक्षी उमटते. ती वाजवली की फोनची बटणं दाबल्यासारखे आवाज येतात.

नुसते सारखे वाटणारे आवाज नव्हेत. तेच ते. फोनचं बटण दाबल्यावर एकाच वेळी दोन सूर निघतात. एक त्या बटणाच्या आडव्या ओळीचा, एक उभ्या ओळीचा. पाचाचे सूर ७७० आणि १३३६. म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. एक्सचेंज बोट बघत नाही, हे दोन सूर ऐकतं. ते कुठून आले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला टेपरेकॉर्डर धरून तेच सूर वाजवले, तरी नंबर लागतो.

मी तीन कॅसेट भरल्या. डॉक्टर, शेजारी, नागपूरचा मुलगा. प्रत्येकीत सुरुवातीला माझ्या आवाजात नाव, मग टोन, मग थोडी शांतता, पुन्हा तेच. कॅसेटला एक, दोन, तीन असे रबरबँड गुंडाळले, म्हणजे मास्तरांना चाचपून कळेल. मास्तरांच्या घरच्या टेपरेकॉर्डरचं प्लेचं बटण जाड, खटकन दबणारं. कापऱ्या हातालाही चालणारं.

आमचे लाइनमन रईस भाई बघत उभे होते. म्हणाले, "विनायक बाबू, मास्टर साहब को इस उमर में डीजे बनाओगे क्या?"

मी चाचणी घेतली. चाळीस वेळा कॅसेट लावली, चाळीस वेळा नंबर लागला. एक्सचेंजमध्ये, ॲडॉप्टर लावून, जिथं वीज कधी जात नाही अशा खोलीत. एक्सचेंजच्या माणसांची हीच खोड. वीज नसणं ही गोष्ट आम्ही विसरून जातो, कारण आमच्या मागे खोलीभर बॅटऱ्या असतात.

मास्तरांकडे कॅसेट दिल्या तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणालो, "बिजली गेली तरी फोन चालतो, मास्तर. त्याला करंट आमच्याकडून येतो. आणि टेपमध्ये मी सेल घालून ठेवलेत."

मास्तरांनी कॅसेट हातात फिरवून रबरबँड मोजला. म्हणाले, "विनू, तुला गणितात मी कमी मार्क दिले होते का रे? चूक झाली माझी."

काकूंनी मला लाडू दिला.

हे सगळं फेब्रुवारीतलं. मेपर्यंत दोनदा त्यांनी त्या टेपवरून डॉक्टरांना बोलावलं. दोन्ही वेळा लागला.

आता पुन्हा त्या दुपारी.

मी टेस्ट डेस्कवरून ओरडलो, "मास्तर! मास्तर, मी विनायक!" काही उपयोग नव्हता. रिसीव्हर टेपच्या तोंडाशी टेकवलेला होता. माझा आवाज त्यातून डासाएवढा निघत असणार आणि वर टेप चालू. माझा उतरलेला आवाज पुन्हा म्हणाला, "डॉक्टर." पुन्हा सहा टोन. मला स्वतःचं तोंड दाबावंसं वाटलं.

टेस्ट डेस्कवर हॉलर नावाचं एक बटण असतं. रिसीव्हर नीट न ठेवणाऱ्याला जागं करायला त्यातून कर्कश भोंगा पाठवतात. मी तो दाबला आणि दाबूनच धरला. माझ्याच कानात कळ गेली. टेप खटकन बंद झाली. खरखर झाली. मग मास्तरांचा आवाज, अगदी जवळ, रडवेला, आणि हिंदीत.

"बहनजी, हाथ जोड़ता हूँ, टाइम नहीं चाहिए. डॉक्टर चाहिए."

मला काही कळलं नाही. कळून घ्यायला वेळही नव्हता. "मास्तर, मी विनू. एक्सचेंजमधून बोलतोय. काकूंना काय झालंय?"

"विनू? अरे विनू..." मग दोन-तीन क्षण नुसता श्वास. "बिजली गेलीय. वाफेचं यंत्र बंद. ती बसूनच आहे, आडवी होत नाही. ओठ गार लागताहेत रे."

"शेजारी?"

"ग्वाल्हेरला, लग्नाला. खालचं दुकान बंद. मी खिडकीतून हाका मारल्या. या लूच्या गरम वाऱ्यात कोण असतं रस्त्यावर?"

"रिसीव्हर ठेवू नका. मी दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांना लावतो. जिन्याचं दार उघडं आहे?"

"कडी आहे."

"काढून या. भिंत धरून जा."

डाव्या हातानं दुसरा फोन ओढला. नंबर मला पाठ होता, मीच तो टाइप केला होता. तरी पहिल्यांदा चुकला. माझ्याकडूनही एक बटण दोनदा दाबलं गेलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतःच उचलला. मी काय बोललो आठवत नाही. ते एवढंच म्हणाले, "निकल रहा हूँ."

मग मी वाट पाहिली. हेडफोनमध्ये मास्तरांची पावलं लांब गेली. कडी वाजली. काकूंच्या श्वासाची शिट्टी चालू होती. वीस-पंचवीस वेळा मोजली मी ती. मग ती शिट्टी बारीक होत गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

दम्याच्या माणसाची शिट्टी थांबणं चांगलं लक्षण नसतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्या खोलीत लाइनी जोडणारे शंभर रिले टकटक करत होते आणि मी फक्त त्या एका लाइनवरची शांतता ऐकत होतो. मग जिन्यावर दाणदाण पावलं, डॉक्टरांचा आवाज, "हटिए, मास्टर साहब, हटिए." आणि काहीतरी फुटल्याचा आवाज. इंजेक्शनची कुपी असावी.

रईस भाईंनी मोटरसायकल काढली. बड़ा बाज़ारात दुकानांची अर्धी शटरं खाली होती, तरी एका हातगाडीनं वाट अडवली. रईस भाई एरवी सगळ्यांशी गोड बोलणारे. त्या दिवशी त्यांनी त्या गाडीवाल्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा काकू खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या. डोळे उघडे. खांदे वर-खाली होत होते. शिट्टी परत आली होती. मी आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकला नाही. डॉक्टर नाडी धरून बसले होते. मला बघून रागानं म्हणाले, "इतनी देर क्यों की आप लोगों ने? मैं तो घर पर ही बैठा था."

मास्तर म्हणाले, "तीन वेळा लावला, विनू. तीनही वेळा वेळ सांगणारी बाई लागली. पहिल्यांदा म्हणाली, दोन बजकर बारह मिनट. मग सोळा. मग एकवीस. मग काहीच लागेना. टेप तशीच चालू ठेवली नि हिच्या पाठीवर हात फिरवत बसलो."

गणिताचे मास्तर. आकडे बरोब्बर लक्षात होते.

काकूंना इस्पितळात ऑक्सिजनवर ठेवलं. मी टेपरेकॉर्डर उचलून एक्सचेंजमध्ये आणला. सेल न बदलता कॅसेट लावली, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली आणि सुरांची मोजणी बघितली. आमचे साहेब, तिवारीजी, माझ्या खुर्चीमागे उभे होते.

सेल कमजोर झाले होते. बिजली गेली की काकू त्याच टेपवर भजनं ऐकायच्या. मी त्यांना तसं करू नका असं सांगितलंच नव्हतं. सेल कमजोर झाले की टेप हळू फिरते. हळू फिरली की सूर उतरतात. आणि फोनच्या बटणांचे सूर असे बांधलेले आहेत की सगळे साधारण एक-दशांशानं उतरले, तर प्रत्येक बटण आपल्या वरच्या ओळीतल्या डावीकडच्या बटणासारखं वाजतं. पाचाचा होतो एक. शून्याचा होतो सात. आठाचा होतो चार. थोडं कमी किंवा जास्त उतरले असते तर एक्सचेंजला काहीच समजलं नसतं. त्या दुपारी पहिल्या तीन वेळा ते नेमके तेवढेच उतरले होते, मग त्याहून खाली गेले.

डॉक्टरांच्या नंबरात सुरुवातीला दोन चार होते. चाराच्या वर-डावीकडे बटणच नाही. ते एक्सचेंजनं ऐकलंच नाही. पुढे पाच, शून्य, आठ. एक्सचेंजनं ऐकलं एक, सात, चार. तेवढ्यावरच नंबर लागला, सहाव्या आकड्याची गरजच उरली नाही. १७४ हा आमचा वेळ सांगायचा नंबर होता. तिकडे एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज चोवीस तास वेळ सांगत असे. असल्या खास नंबरांची यादी सांभाळणाराही मीच.

तिवारीजी पडद्याकडे बघत म्हणाले, "पूरा डायल एक घर तिरछा खिसक गया."

"जी."

"और बिजली जाने पर ही उनको इसकी ज़रूरत पड़नी थी."

"जी."

"हॉटलाइन क्यों नहीं लगवाई?"

मी टेपमधून कॅसेट बाहेर काढली.

"फॉर्म मेरी दराज में पड़े रहते हैं, विनायक. किसी ने माँगा?"

"नहीं, सर."

त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "रिपोर्ट में लिखो, सब्सक्राइबर का निजी यंत्र ख़राब था. ग़लत तो नहीं है." मी तसं लिहिलं. चूक नव्हतंच ते. म्हणूनच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी हॉटलाइनचा अर्ज दिला. मास्तरांचा अंगठा आदल्या संध्याकाळी इस्पितळातच घेतला होता. तिवारीजींनी सही केली. कॉम्प्युटरवर दोन ओळींची आज्ञा द्यायची होती, ती मी दिली. अकरा वाजायच्या आत हॉटलाइन चालू झाली. फेब्रुवारीत मी ज्याला 'बरेच दिवस' म्हटलं होतं, ते काम अर्ध्या तासाचं होतं.

काकू नवव्या दिवशी घरी आल्या. पण जिना उतरणं त्यांना पुन्हा जमलं नाही. बोलताना दर दोन शब्दांनंतर थांबावं लागे. डॉक्टर म्हणाले, वय आहे, दमा जुना आहे. असेलही. पण ती एकोणीस-वीस मिनिटं त्यात किती होती, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट झाली. माझं कौतुक सुरू झालं. यादीतला नंबर ओळखला, भोंगा वाजवला, डॉक्टरांना धाडलं. काकू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "आमच्या विनायकनं... वाचवलं मला." गणपतीत आमच्या मराठी मंडळानं मला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ. अध्यक्ष म्हणाले, विज्ञान आणि माणुसकी यांचा संगम. मी खाली बघत उभा होतो. समोर कुणीतरी उठेल आणि विचारेल, पण त्या टेपला झालं काय होतं? त्या भीतीनं मी नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून होतो. कुणी उठलं नाही. टाळ्या वाजल्या. मी आरतीला न थांबता निघालो.

सरळ मास्तरांकडे गेलो. काकू आत झोपल्या होत्या. मी मास्तरांना सगळं सांगितलं. सेल, उतरलेले सूर, चाराचं काय झालं, पाचाचं काय झालं. ते हवेत बोटानं बटणांचा चौकोन काढत ऐकत होते. हिशेब त्यांच्या लगेच ध्यानात आला. मान डोलावली. मग मी हॉटलाइनचं सांगितलं.

त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे हिनं विचारलं होतं तेव्हा?"

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो, मास्तर. मला माझं यंत्र करायचं होतं."

वर्गात उत्तर चुकलं की ते फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे, पोरगा स्वतःहून दुरुस्त करेपर्यंत. तसे ते खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. खाली रस्त्यावरून एक तांगा गेला. त्याचा आवाज पार मिटला.

मग हळू म्हणाले, "तिला सांगू नकोस. तिला वाटतं आपल्याला एक पोरगा इथंही आहे."

मी सांगितलं नाही. काकू त्यानंतर तीन वर्षं होत्या. दर दिवाळीला लाडूंचा डबा यायचा आणि मी तो खायचो. मास्तर त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. पण मला 'विनू' म्हणणंही त्यांनी सोडलं. 'विनायकराव' म्हणू लागले.

पुढे माझ्या हाताखाली नवे इंजिनिअर आले. त्यांना मी दोनच गोष्टी सांगत आलो. कुणाच्या घरी यंत्र द्यायचं असेल तर ते त्याच्या घरी, त्याच्याच जुन्या सेलवर आणि मेन स्विच बंद करून तपासा. आणि जे काम अर्ज भरून होतं, ते अर्ज भरून करा. पोरं हसतात. त्यांना वाटतं, साहेब सरकारी झालेत.